पाणचूल की गिझर?

आज सकाळी मागीलदारी अंघोळीचं पाणी तापवायच्या पाणचुलीत सोडणं, म्हणजे नारळाची सालं, सारताना आईला खोकल्याची उबळ आली. पाच मिनिटं थांबेना. तेव्हाच ठरवलं, यंदा आगोटीच्या आत, म्हणजे पावसाळा लागायच्या आधी, हे मार्गी लावायचं.

दुपारी गुहागरात जाऊन चौकशी केली. गॅसचा गिझर स्वस्त पडतो, पण आमच्या न्हाणीला जेमतेम एक झरोका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठला तर त्याला वासही नसतो, माणूस बसल्या जागी जातो. तो नकोच. विजेचा हिशेब मांडला: २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट. चौघांचे रोजचे दोन. परवडेल. पण पावसात आमच्याकडे वीज कधी दोन-दोन दिवस नसते, आणि सौर बसवावा तर नेमकं तेव्हाच ऊन नाही.

आई म्हणाली, "अरे, सोडणं-झावळ्या वाडीतच पडतात. त्यांचं काय करायचं?" बोलताना ती पदराने डोळे पुसत होती. लालबुंद झालेले. बोटांना हंड्याची काजळी तशीच.

विजेचा गिझर घेतोय. चूल मोडत नाही, तिला धुराडं बसवणार. आणि वीज गेली की ती मी पेटवायची, आईने नाही.