शब्द कळत नसताना तिथे का जाता?

पुण्याहून फोन आला किंवा इथल्या मराठी मंडळींचं जेवण असलं की जुलैमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "तुम्हाला इटालियन येत नाही. मग गारठ्यात शाल गुंडाळून त्या बागेत तीन-तीन तास ऑपेरा ऐकत का बसता?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

बागा ऑक्सफर्डच्या कॉलेजांच्या. न्यू कॉलेज १३७९ सालचं. तिथल्या वॉर्डनच्या, म्हणजे कॉलेजप्रमुखांच्या बागेत न्यू चेंबर ऑपेरा ही मंडळी उन्हाळ्यात प्रयोग करतात, तेही बहुधा अठराव्या शतकातल्या, सहसा ऐकायला न मिळणाऱ्या ऑपेरांचे. इतर कॉलेजांत विद्यार्थीही करतात. प्रयोग उजेडात सुरू होतो, मध्ये जेवणाचं लांब मध्यंतर असतं आणि शेवट होईस्तोवर अंधारून येतं. ही जेवणाची रीत इंग्लंडमधल्याच ग्लाइंडबोर्नच्या ऑपेरा उत्सवाने रुजवली, १९३४पासून.

आता भाषेचं. १७११मध्ये संगीतकार हॅन्डेलने लंडनमध्ये 'रिनाल्दो' हा इटालियन ऑपेरा केला, तेव्हा समोरच्या बहुतेकांना इटालियन येत नव्हतं. संहितेच्या पुस्तिका विकत मिळायच्या, एका पानावर इटालियन, समोरच्या पानावर इंग्रजी. नाट्यगृहातले दिवे मालवत नसत, त्यामुळे लोक वाचत वाचत ऐकायचे. मीही आदल्या दिवशी कथा वाचून घेते आणि बागेत कागद मिटून ठेवते. कारण खरी गोष्ट घडते ती आरियात. कथा पुढे नेणारं बोलल्यासारखं गाणं संपतं, पात्र थांबतं आणि मनात जे दाटलंय तेवढंच गातं. संगीत नाटक पाहिलेल्यांना हे काय सांगायचं? गद्यात शकुंतलेची गोष्ट पुढे सरकते आणि पद आलं की काळ थांबतो.

त्या काळच्या बऱ्याचशा आरिया तीन भागांच्या असतात. पहिला भाग, मग वेगळ्या भावाचा दुसरा, आणि पुन्हा पहिला. शब्द तेच, चाल तीच, पण परत येताना गायिका त्यात स्वतःच्या जागा घेते. कुठे हरकत, कुठे छोटी तान, कुठे नुसता एक स्वर जास्त वेळ धरून ठेवते. पहिल्यांदा "मला सोडून जाऊ नकोस" ही विनवणी असते. दुसऱ्यांदा तेच शब्द गाताना तो गेलेला असतो. मुखड्यावर परत येणाऱ्या गायकाची वाट बघत वाढलेल्या माणसाला यातलं काय अनोळखी वाटेल?

आणि बागच का? 'झर्क्सेस' मी पहिल्यांदा ऐकला तो विद्यार्थ्यांनी एका कॉलेजच्या बागेत केलेला. हा हॅन्डेलचाच १७३८चा ऑपेरा लंडनमध्ये तेव्हा पाच प्रयोगांतच बंद पडला होता. त्याच्या सुरुवातीला इराणचा सम्राट एका प्लेनच्या झाडाला उद्देशून गातो, "तुझ्यासारखी गोड सावली कधी कुठल्या झाडाची नव्हती." इराणातला प्लेन म्हणजे चिनारच. त्या बागेत चिनार नव्हता, तांबूस पानांचा मोठा बीच वृक्ष होता. सम्राटाचं काम करणारी मुलगी त्याच्या बुंध्याला हात लावून गायली. माइक नव्हता. उघड्यावर आवाज परतून यायला भिंती नसतात, म्हणून ती पहिला स्वर हळूहळू फुलवत गेली आणि आम्ही पुढे वाकून ऐकत राहिलो. बंद नाट्यगृहात मी इतक्या लक्षपूर्वक क्वचितच ऐकलंय. वर पाकोळ्या चिरकत फिरत होत्या. नऊ वाजून पाच मिनिटांनी क्राइस्ट चर्च कॉलेजच्या ग्रेट टॉम या घंटेचे एकशे एक ठोके सुरू झाले. मूळच्या शंभर आणि पुढे वाढलेल्या एका विद्यार्थ्याची ती आठवण. ऑक्सफर्डची जुनी वेळ ग्रीनिचच्या पाच मिनिटं मागे, म्हणून ते नऊला न पडता नऊ-पाचला पडतात. वाद्यवृंद थांबला नाही. घंटा आपल्या लयीत, गाणं आपल्या.

गेल्या उन्हाळ्यात आत्या आली होती. तिने आयुष्यभर गाणं शिकवलं. ऑपेरा मात्र कधी ऐकला नव्हता. तिला मुद्दाम हार्पसिकॉर्डजवळ बसवलं, म्हणजे पियानोसारख्या पट्ट्यांच्या, पण तारा छेडून वाजणाऱ्या जुन्या वाद्याजवळ. या ऑपेरांसाठी जुन्या धाटणीची वाद्यं आजच्या सुरापेक्षा साधारण अर्धा स्वर खाली लावतात. व्हायोलिनला आतड्याच्या ताती असतात, हवेत गारवा आणि दमटपणा आला की त्या हलतात. हार्पसिकॉर्डचेही सूर हलतात. म्हणून मध्यंतरात सगळे डबे उघडतात, तेव्हा एक जण किल्ली घेऊन त्याच्या खुंट्या फिरवत बसतो.

मी थालीपीठ वाढलं, तर आत्या जागेवर नव्हती. ती त्या मुलाच्या मागे जाऊन उभी होती, हातात पर्स, मान किंचित कललेली. तो दोन तारा एकत्र छेडायचा, त्यांच्यातला हेलकावा ऐकायचा, किल्ली केसभर फिरवायचा. हेलकावा मंदावत थांबला की आत्या हलकेच "हं" म्हणायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याने मागे वळून पाहिलं आणि मग किल्ली फिरवली की तिच्याकडे बघायला लागला. मी दोनदा हाक मारली.

"थांब गं," ती म्हणाली, "वरचा सा राहिलाय अजून."