तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगाव सोडून मुंबईला पळायला कशाला?

जानेवारीत हळदीकुंकवाला गेलं की तिळगुळाबरोबर हा प्रश्न ठरलेला. "काय ओ वहिनी, मुंबईला पळायला निघालाय म्हणे? आपल्याकडं रस्ते नाहीत होय?" बँकेच्या काउंटरवर तोच, भाजी घेतानाही तोच. तिथल्या तिथे उत्तर द्यायला गेलं तर मागची रांग खोळंबते. म्हणून मी जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळायला का जाते, ते एकदा बसून नीट लिहिते.

पळायला बेळगावसारखं गाव नाही, हे आधीच मान्य करते. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंची, कोरडी थंडी. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत जुन्या झाडांखाली मातीवर पळता येतं, गुडघ्यांना ते फार मानवतं. चढाचा सराव करायचा तर येळ्ळूरहून राजहंसगड आहे. आणि लांब पळायचं तर वेंगुर्ला रोड. हिंडलगा, सुळगा, उचगावचा फाटा, बाची, आणि बाची संपली की शिनोळी. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आमचा रविवारचा लाँग रन कर्नाटकात सुरू होतो, महाराष्ट्रात चहा घेऊन वळतो आणि परत कर्नाटकात येऊन संपतो. जाऊन-येऊन तीस किलोमीटरच्या आसपास भरतं.

पण सरावाच्या ह्याच महिन्यांत उसाचा हंगाम असतो. पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, मागे ना लाल दिवा ना रेडियम. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात डोळे दिपतात आणि ट्रॉली अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. म्हणून तीसच्या दिवशी हे स्कूटर घेऊन माझ्या मागून येतात, दोन तास, तीन तास, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. शिवाय कुत्री. शिवाय माणसं. एकटी बाई अंधारात पळताना दिसली की दूध घालायला निघालेला माणूस मोटरसायकल हळू करून विचारतो, "काय झालं ओ? कोण मागं लागलंय काय?" तो काळजीनंच विचारतो, मला माहीत आहे. पण रस्त्यावर पळण्याचं कारण दर वेळी सांगावं लागतं, आणि सांगून झालं की आपली लय गेलेली असते.

मुंबईत त्या एका सकाळी कुणी कारण विचारत नाही. माझं अर्धं उत्तर इथेच आहे.

मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पूर्ण अंतर 42.195 किलोमीटर. ऐकून कळत नसेल तर असं धरा: बेळगावहून खानापूरला पळत जायचं, लगेच मागे फिरायचं आणि देसूरच्या आसपास थांबायचं. फुल मॅरेथॉन सीएसएमटीपासून पहाटे अंधारात सुटते. मार्गात अधूनमधून बदल होतात, पण गाभा तोच: मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, सी लिंक, माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी, आणि पुन्हा हाजी अलीवरून पेडर रोड चढून मरीन ड्राइव्ह.

सी लिंकवर, म्हणजे वांद्रे-वरळीच्या समुद्रावरच्या पुलावर, एरवी पायी माणसाला पाऊल ठेवता येत नाही. 2009 मध्ये पूल खुला झाला तो गाड्यांसाठी. मॅरेथॉनच्या दिवशी मात्र त्यावर हजारो पायांचा आवाज असतो, बाकी काही नाही. हॉर्न नाही, इंजिन नाही. खालून समुद्राचा वारा येतो, डाव्या हाताला पाणी अजून काळं, आणि उजवीकडे इमारतींच्या खिडक्यांत एकेक दिवा लागत जातो. पुलावर बघे उभे राहू शकत नाहीत, त्यामुळे शहरातला गलका तिथे नसतो. माझ्या पुढे एकदा एक गृहस्थ पळत होते, पाठीवर कापडी पट्टीवर हाताने लिहिलेलं, "आईसाठी". त्यांनी सबंध पुलावर एक शब्द उच्चारला नाही आणि मीही नाही, पण आमची पावलं एका तालात पडत होती. पूल उतरल्यावर त्यांनी मागे वळून फक्त मान हलवली.

त्या पुलावर मला वाटतं, की एवढं मोठं, एवढं घाईतलं शहर आज चालणाऱ्या-पळणाऱ्या माणसासाठी आपले रस्ते रिकामे करून थांबलंय. बेळगावात पळताना मी रस्त्याची कड सोडत नाही. तिथे मी रस्त्याच्या मधोमध पळते.

माहीमकडून शिवाजी पार्क लागलं की माणसं सुरू होतात. बिबवर, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरावर, आपलं नाव छापलेलं असतं. लोक ते वाचतात आणि हाक मारतात. कधी न भेटलेली बाई गॅलरीतून नाव घेऊन ओरडते, "चला ताई, मस्त चाललंय!" शाळेची पोरं हात पुढे करून ओळीत उभी असतात, प्रत्येकाच्या हातावर टाळी द्यायची, एकही चुकवायची नाही, नाहीतर चेहरे उतरतात. ढोल-ताशा असतो. आणि खाऊ. आयोजकांचं पाणी असतंच, पण लोक घरून आणतात ते वेगळं. एक आजी आठवतात, नऊवारीत, खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर स्टीलचं ताट. ताटात संत्र्याच्या फोडी. नुसत्या सोललेल्या नाहीत: प्रत्येक फोडीचा पाठीकडचा पापुद्रा काढलेला, बिया काढलेल्या, वर मीठ भुरभुरलेलं. पळणाऱ्याला बी थुंकायला लागू नये, चावायला लागू नये, एवढा विचार. किती वाजता उठून बसल्या असतील त्या? मी फोड घेतली तेव्हा म्हणाल्या, "दोन घे गं, मीठ लागतं अंगाला."

खरंच लागतं. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपात मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत, आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी मला पहिल्याच वर्षी समजावलं, की बेळगावच्या हवेत तयार झालेलं अंग मुंबईत फसतं. आपल्याकडे घाम येतो आणि वाळतो, म्हणून शरीर गार राहतं. मुंबईत दमट हवेमुळे घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग तापतं, नाडी चढते आणि त्याच वेगाला दीडपट दम लागतो. म्हणून इथल्या वेगावर तिथलं गणित मांडायचं नाही, पहिल्या निम्म्या अंतरात हात आखडता ठेवायचा. आणि नुसतं पाणी ढोसायचं नाही. घामातून मीठ जात असताना पोटात फक्त पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम घटतं, आणि ते तहानेपेक्षा घातक. काकांच्या कमरेच्या पाउचमध्ये ओआरएसची पुडी आणि गुळाचे खडे असतात, पळताना ताकदीसाठी खायचं विकतचं जेल ते घेत नाहीत.

अजून एक गोष्ट मुंबईतच बघायला मिळते. जगातले पहिल्या रांगेतले धावपटू आमच्यानंतर सुटतात आणि आम्हाला गाठून पुढे जातात. आधी पोलिसांची मोटरसायकल, मग वर घड्याळ लावलेली गाडी, आणि मागून इथिओपिया-केनियाची चार-सहा माणसं. आवाज जवळजवळ नाहीच. टाच टेकतेय की नाही कळत नाही. 2023 मध्ये इथिओपियाच्या हेले लेमीनं हे अंतर 2 तास 7 मिनिटं 32 सेकंदांत संपवलं. मला तेवढ्या वेळात निम्मंही जमत नाही. पण रस्ता एकच, सकाळ एकच, आणि ऊनही एकच. क्रिकेटच्या मैदानात प्रेक्षकाला खेळाडूशेजारी उतरता येतं का? इथे येतं. ह्याच शर्यतीत साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर भारतीय महिलांत पहिली आली आणि पुढे 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली. बेळगावहून मुंबईला जाणारी रात्रीची बस सातारा जिल्ह्यातून जाते तेव्हा जाग असली तर मला तिची आठवण येते. दुष्काळी गावातली मुलगी. आमच्या वडगाव-शहापूरच्या मुली का नाहीत मग?

पेडर रोडबद्दल सगळे विचारतात. राजहंसगड चढलेल्या माणसाला तो चढ म्हणजे काहीच नव्हे. पण तो येतो पस्तीस किलोमीटर झाल्यावर. स्नायूंत साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरच्या पुढे संपत येते, मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि ते काम संथ असतं. पायात शिसं ओतल्यासारखं होतं, डोकं उगाच हिशोब करायला लागतं, रडूही येतं. त्यात ऊन वर आलेलं. काका सांगतात, मान खाली, पावलं लहान, हात हलते ठेव, वर किती राहिलं ते बघू नको. मी तेच करते. बाजूने कुणीतरी स्प्रे घेऊन धावत येतं, पोटरीवर मारतं आणि मागच्याकडे पळतं. त्या मुलांचे चेहरेही बघायचे राहून जातात.

आणि आता उरलेलं अर्धं उत्तर. हे हळदीकुंकवात सांगता येत नाही.

मरीन ड्राइव्ह सोडून चर्चगेटवरून आत वळलं की हुतात्मा चौक येतो. तिथे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गेलेल्यांचं स्मारक आहे, हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. मुंबईकर रोज बसमधून त्याच्यासमोरून जातात. आमच्याकडेही हुतात्मा चौक आहे. 17 जानेवारी 1956 ला, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे जाणार हे कळल्यावर लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात माणसं गेली. तेव्हापासून सीमाभागात तो दिवस हुतात्मा दिन. मामंजी दर वर्षी न चुकता फुलं घेऊन जायचे. त्यांचा धाकटा काका त्या दिवशी गर्दीत होता, वाचला, पण त्या दिवसाबद्दल घरात कधी बोलला नाही.

2016 साली मॅरेथॉनचा रविवार नेमका 17 जानेवारीला आला. मला जावं की नाही कळेना. घरात सगळे सकाळी चौकात जाणार आणि सून मुंबईत पळणार, हे बरं दिसेल का? मामंजींना विचारलं. ते पेपर वाचत होते. चष्मा काढून म्हणाले, "पळत पळत तिथूनच जातेस की तू. जा. माझाबी नमस्कार सांग." त्या दिवशी एक्केचाळीस किलोमीटर झाले होते, पाय माझे राहिले नव्हते, लोक "थोडंच राहिलं, थोडंच" म्हणत होते. मी स्मारकासमोर थांबले, हात जोडले, पायात गोळे आले तरी थांबले. मागून येणाऱ्या एका मुलाला वाटलं मला चक्कर आली, त्यानं दंड धरला. मग डावीकडे वळले. समोर सीएसएमटी दिसत होतं. आता मामंजी नाहीत. दर वर्षी तिथे मी दोन नमस्कार करते.

बेळगावात मराठी माणूस म्हणून काय काय वाटतं ते मी लिहीत बसणार नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे. एवढंच की ज्या शहरासाठी आमच्या लोकांनी इतकी वर्षं घोषणा दिल्या, त्या शहराच्या मधल्या रस्त्यावरून, मला ओळखत नसलेली माणसं माझं नाव घेऊन मराठीत हाक मारत असताना मी पळते. ह्यासाठी मी पाचशे किलोमीटर जाते.

"नंबर कितवा आला?" हाही प्रश्न असतो. नंबर येत नाही. बुटाला नाहीतर बिबला चिप असते, ती वेळ मोजते, आणि मला माझ्या मागच्या वर्षीच्या वेळेशी देणंघेणं असतं. मेडल सगळ्यांना मिळतं.

सगळंच गोड आहे असं नाही. पाण्याच्या टेबलानंतरचे दोनशे मीटर पायाखाली चिरडलेले कप आणि बाटल्या असतात, घसरायला होतं, आणि तो कचरा उचलणाऱ्या सफाई कामगार बायकांसाठी कुणी टाळी वाजवत नाही. मी वाजवते. प्रवेश फी, प्रवास, राहणं धरलं तर खर्चही बराच होतो, आणि पळायची ताकद असलेल्या कितीतरी मुलींना तो झेपत नाही. आमच्या ग्रुपनं त्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे.

यंदा वडगावच्या दोघी हाफला, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनला, यायचं म्हणतायत. त्यांना आणि तुम्हालाही सांगते. फुलसाठी आधीच्या एखाद्या शर्यतीतल्या वेळेचं सर्टिफिकेट लागतं, ते आधी करून घ्या. बिब कुरिअरने येत नाही, ओळखपत्र घेऊन स्वतः बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जाऊन घ्यावं लागतं, म्हणून शुक्रवारी रात्रीची स्लीपर धरा, शनिवारी सकाळी बिब घ्या आणि दिवसभर झोपा. नवे बूट घालू नका. रात्री वरण-भात खा. रविवारी पहाटे मॅरेथॉनसाठी खास लोकल सोडतात, टॅक्सीच्या भरवशावर राहू नका. दादरला माझी मामेबहीण आहे, आपल्या बेळगावची मिठाई, कुंदा, नेला की तिच्याकडे चार जणांची सोय होते. आणि सराव करायचा असेल तर रविवारी पहाटे पाचला आम्ही व्हॅक्सिन डेपोच्या गेटवर असतो. येताना रेडियमचं जाकीट घाला.