अक्काचं लग्न १९८९ चं, माझं १९९८ चं

अण्णांचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी भावकीतल्या एका काकांनी विषय काढला. "पोरींचं हक्कसोडपत्र करून घ्या. उगंच पुढं कटकट नको." भोगावतीकाठचा दीड एकर ऊस, आज्यापासून चालत आलेला. अक्का भांडी पुसत होती, तिथूनच म्हणाली, "मी कुठं काय मागतोय? करतो की सही." (आमच्याकडच्या बायका अजून असंच बोलतात.) मला मात्र "हो" म्हणता येईना.

मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. अमर्त्य सेन यांनी मांडलेला बासरीचा प्रश्न दरवर्षी वर्गात सांगते. तीन मुलं, बासरी एकच. एकाला ती वाजवता येते, दुसऱ्याकडे खेळायला काहीच नाही, तिसऱ्यानं ती स्वतः घडवली आहे. द्यायची कुणाला? मुलं हिरिरीनं भांडतात, तास संपतो, घंटा होते. त्या दिवशी सोप्यात तोच प्रश्न आमच्यापुढं होता. नदीवरून पाईपलाईन आणली दादानं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ऊस कुजला, तेव्हा पुन्हा लावण केली तीही त्यानंच. अक्का विधवा, तिच्या घरी येणारा पैसा म्हणजे दोन म्हशींचं दूध. आणि मी पगारदार, कोल्हापुरात राजारामपुरीत राहणारी. दादाचे कष्ट खरे आणि अक्काची गरजही खरी. सेन यांचं म्हणणं हेच आहे की तिन्ही बाजूंना वजन असतं, एकच तत्त्व लावून बाकीची पुसून टाकता येत नाहीत.

कायद्याला मात्र कुठंतरी रेघ ओढावी लागते. ती कशी ओढली जाते हे आमच्या घरात लख्ख दिसलं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत मुलगा जन्मतःच सहहिस्सेदार, मुलगी नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींनाही तो हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळून. म्हणजे मी दादाच्या बरोबरीची सहहिस्सेदार आणि अक्काला अण्णांच्या वाट्यातला वारसाहिस्सा तेवढा. एकाच आईच्या पोटच्या आम्ही दोघी, आणि जिला जास्त गरज तीच रेघेबाहेर! ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं ही अट गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं मिळतो, त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. अक्काला हे मी तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "मग अकरा वर्षं मी कोण होतो?" याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही.

तत्त्वज्ञ जॉन रॉल्स १९७१ मध्ये म्हणाला होता की समाजाचे नियम असे ठरवा, जणू त्या समाजात आपण कोण असणार हे आपल्याला माहीतच नाही. आज्याला जर ठाऊक नसतं की आपण या घरात थोरली लेक म्हणून जन्मणार की धाकटा लेक म्हणून, तर त्यानं लेकींना साडीचोळीवर भागवायला मान्यता दिली असती का? मला नाही वाटत.

वकिलांकडं जाताना दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी आम्ही थांबलो. २६ जुलै १९०२ च्या त्यांच्या जाहीरनाम्यानं करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. राज्यघटना यायला अजून ४८ वर्षं होती. विषमांना समान वागवणं हाही अन्याय, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं आमच्या गावानं हुकूम म्हणून वाचलं होतं. म्हणूनच तीन समान हिश्शांवर मला थांबायचं नव्हतं. पण आधी ते तीन हिस्से व्हायलाच हवे होते. हक्क नावावर नसताना दादानं अक्काला दिलेले पैसे मदत ठरले असते. ते घेताना तिनं मान खाली घातली असती, आणि ते मला बघवलं नसतं.

दादा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "नावं लावू. पण राबतोय मी, तेबी धरा." ते धरलंच पाहिजे होतं. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर तिघांची नावं आली. जमीन एकत्रच आहे. कारखान्याच्या बिलातून खर्च वजा जाता निम्मं दादाचं, निम्मं आम्हा दोघींचं. माझा वाटा सध्या अक्का घेते. मी हक्क सोडलेला नाही, आणि तिलाही सोडू दिलेला नाही.

सातबाऱ्याचा उतारा मी तिच्या हातात दिला, तेव्हा ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. सापडल्यावर तिनं स्वतःचं नाव दोनदा मोठ्यानं वाचलं. लग्नानंतरचं नव्हे, अण्णांचं नाव मध्ये असलेलं.