१८एची डुबकी: पाच रन झाले

मंडळी, १८ए हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची आखूड साखळी) चरबीच्या पडद्यावर बसतं का, हे मी संगणकावर रेणूंची हालचाल चालवून पाहत होतो. आधी निकाल: बसलं. पाचही रनमध्ये. पाचवा मी उगाच नापास ठरवला होता, ते पुढे येईलच.

एपोए-१ हे एचडीएलचं (‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या कणांचं) मुख्य प्रथिन, २४३ अमिनो आम्लांचं. माझ्या जुन्या ग्राफिक कार्डावर सुरुवातीलाच ते अख्खं नको, म्हणून त्याच्या हेलिक्सची (मळसूत्री वेटोळ्याची) नक्कल असलेलं, १८ अमिनो आम्लांचं १८ए घेतलं. दर अमिनो आम्लाला १०० अंश धरले की १८ मध्ये बरोबर पाच वेढे होतात. रन लावण्याआधी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन हे चक्र कागदावर काढलं. तुम्हीही काढा, सॉफ्टवेअरकडून करून घेऊ नका. अ‍ॅस्पार्टेट-ग्लुटामेट (ऋण भाराचे) लाल केले, ते चारही ३४० ते ६० अंशांत गोळा झाले. लायसिन (धन भाराचे) निळे: दोन ८० आणि १२० वर, दोन ३०० आणि ३२० वर, म्हणजे लालांच्या दोन्ही कडांना. तेलकट मंडळी बहुतेक सगळी पलीकडे. सेग्रेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेलं दुतोंडी हेलिक्स (एक बाजू पाण्याची, दुसरी तेलाची) ते हेच.

लायसिन कडेलाच का? त्याचा हात लांब आणि तेलकट, धन भार फक्त टोकाला. हेलिक्स चरबीत रुतला तरी तो हात वर वाकवून पडद्याच्या पृष्ठभागाजवळच्या फॉस्फेटपर्यंत पोचतो. डोहात बसलेल्या म्हशीच्या नाकपुड्या आठवा.

मांडणी नेहमीचीच: ग्रोमॅक्स (रेणू हलवणारं सॉफ्टवेअर), मार्टिनी (अणूंच्या गटाला एक मणी धरणारं मॉडेल), पडद्याला पीओपीसी या लिपिडचे (चरबीसारखे) १२८ रेणू, ३१० केल्विन. चार लायसिन, चार आम्लं, एकूण भार शून्य. मीठ घातलं ते सवयीने. पेप्टाइड आधी पाण्यात भरकटतं, मग एक टोक चिकटतं आणि थोड्या वेळात अख्खा हेलिक्स ओंडक्यासारखा आडवा होतो, फॉस्फेटच्या जरा खाली, ग्लिसरॉलच्या पातळीवर. पाचव्या रनमध्ये पडद्यापासूनच्या अंतराचा आलेख एकदम उडाला. पेप्टाइड पडदा फोडून आरपार गेलं, असं समजून मी अख्खी संध्याकाळ घालवली. ते बॉक्सच्या वरच्या कडेतून बाहेर पडून खालून आत आलं होतं आणि खालच्या थरावर निवांत बसलं होतं. आवर्ती सीमा! इतक्या वर्षांनंतरही फसतो.

खरी चपराक वेगळीच. वहीत मी लिहिलं होतं, ‘पडद्यावर हेलिक्स शेवटपर्यंत टिकला.’ टिकणारच! मार्टिनीला दुय्यम रचना (इथे हेलिक्स) आपणच आधी सांगतो आणि ती शेवटपर्यंत तशीच बांधलेली राहते. प्रत्यक्षात एपोए-१ पाण्यात बरंचसं सैल असतं आणि लिपिड भेटल्यावर त्यातलं हेलिक्सचं प्रमाण वाढतं. चिकटण्याची बरीचशी ओढ या घडी बसण्यातूनच येते. म्हणजे माझ्या रनमध्ये सिनेमा मध्यंतरानंतर सुरू होतो. वहीतली ओळ खोडली.

एपोए-१ लिपिडच्या पडद्यातून चकत्या करतं, पण माझ्या रनमध्ये चकती व्हायची अपेक्षा तर नव्हतीच. डीएमपीसी या लिपिडचं दुधाळ पाणी एपोए-१ घातल्यावर निवळतं, ते सर्वांत झपाट्याने २४ अंश सेल्सिअसच्या आसपास. गोठलेल्या आणि प्रवाही तुकड्यांच्या सांध्यात तेव्हा फटी असतात. माझा पडदा सगळाच प्रवाही आणि पेप्टाइड एकटं.

आता पुढचं काम, पट्टा: चकतीच्या कडेभोवती एपोए-१ पट्ट्यासारखं गुंडाळलेलं असतं. लिपिडला वेढणारी साधारण २०० अमिनो आम्लं, प्रत्येकी दीड अँगस्ट्रॉम: ३०० अँगस्ट्रॉमचा घेर, पायने भागून ९५ चा व्यास. दोन एपोए-१ असलेल्या चकत्या प्रयोगात जवळपास एवढ्याच भरतात. पाकिटामागे केलेलं गणित इतकं जुळलं की मी ते तीनदा तपासलं. मॉडेलची सुरुवात एपोए-१च्या १९९७ च्या स्फटिकरचनेवरून, प्रथिनरचनांच्या संग्रहातला तिचा क्रमांक १एव्ही१. तिच्यात पहिली ४३ अमिनो आम्लं नाहीत, लिपिडही नाही, तरी आकार घोड्याच्या नालेचा. आत १६० पीओपीसी मीच भरणार आहे. रविवारी सीपीयूच्या पंख्यातली धूळ काढली, मंगळवारी रन लावतो.