माशीच्या तोंडाला लागलेला पराग

कंदीलपुष्पांच्या कामात फुलं बघण्यापेक्षा गवत चाळण्यातच जास्त वेळ जातो. जूनमध्ये कंदातून देठ वर येतो, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतो आणि दिवाळीच्या सुमारास वाळून जातो. फूल नसेल तर रोपावर पाय पडला तरी कळत नाही.

त्या दिवशी कड्याच्या काठाला, कारवीच्या अलीकडे एक सापडलं. सिरोपेजिया लॉई, कंदीलपुष्पाची फक्त सह्याद्रीत आढळणारी जात. आमची जागा कुठली ते लिहीत नाही. फोटोवाले लगेच पोहोचतात, आडवे पडून एका फुलाचा फोटो घेतात आणि पोटाखाली चार रोपं चिरडतात.

रोप एकच आणि उमललेलं फूलही एकच. बाकी कळ्या. सर म्हणाले, "कंदासकट काढ, शीट झाली पाहिजे." शीट म्हणजे दाबून, वाळवून कागदावर चिकटवलेला, हर्बेरियममध्ये (वनस्पतींच्या संग्रहात) ठेवायचा नमुना. परवानगी होती, पण माझा हात धजेना. बरीच हुज्जत झाली. शेवटी फूल तेवढं अल्कोहोलच्या बाटलीत घ्यायचं ठरलं.

फुलाच्या नळीतल्या केसांची टोकं आतल्या बाजूला असतात, त्यामुळे माशी सहज आत सरकते, पण परत येऊ शकत नाही. केस सुकले की सुटका. बाटलीत टाकण्याआधी फूल उजेडासमोर धरलं, तर तळाच्या फुगीर भागात माशीची सावली हलत होती.

संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली नळी ब्लेडने उभी चिरली. माशीच्या सोंडेला परागाची जोडी अडकलेली होती, दोन पिवळ्या पिशव्या आणि मधे चिमटा. एका फुलात अशा पाच जोड्या असतात. या फुलातल्या पाचही जागच्या जागी होत्या. म्हणजे सहावी बाहेरून आली. कुठल्या तरी दुसऱ्या रोपावरून.

"दुसऱ्या जातीचा पराग असेल," सर म्हणाले. असेलही. पण मी शेजारी ठेवून पाहिलं, आकार आणि माप तंतोतंत जुळत होतं. शीट नाही म्हणून नोंद मात्र कुठेच गेली नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्या जागी खड्डा होता आणि बाजूला साळिंदराचं पीस. सर हसले, "बघ, तुझं रोपही गेलं आणि पुरावाही." साळिंदराला परवानगी लागत नाही, एवढंच सुचलं मला.

काठाच्या वरच्या बाजूचं गवत आम्ही सगळं चाळलंय. राहिला तो खालचा टप्पा. तिथे दोराशिवाय उतरता येत नाही, आणि आमच्या प्रकल्पाच्या खर्चात हर्बेरियमचे कागद बसतात, दोर बसत नाही.