एका शब्दावर अपील

मेलबर्नच्या काउंटी कोर्टात मी नऊ दिवस ज्युरीत बसले. आत आम्हा बारा जणांत काय बोलणं झालं ते लिहिणार नाही. व्हिक्टोरियात तो गुन्हा आहे. शेवटी फोरमन उभा राहून ‘गिल्टी’ म्हणाला आणि आम्ही ट्रामनं घरी आलो. कारणं कुणी विचारली नाहीत. ज्युरीला विचारतच नाहीत.

पुण्याहून बाबांचा फोन. "कारणच दिलं नाही तर त्या माणसानं अपील करायचं कशावर?" बाबांचा सगळा कायदा नानावटी खटल्यापासून (बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेला नौदल अधिकारी) सुरू होतो; १९५९ साली ते गिरगावात शाळेत होते. "ज्युरीनं आठ विरुद्ध एकनं सोडला होता की! जज्जानं मानलं नाही, प्रकरण हायकोर्टात पाठवलं."

पण तिथे ज्युरीनं सोडलं होतं. इथे उलट, म्हणून मी त्यांना कार्डिनल पेल (मेलबर्नचे माजी आर्चबिशप, म्हणजे कॅथलिक चर्चचे इथले प्रमुख धर्मगुरू) यांचा खटला सांगितला. पहिल्या ज्युरीचं एकमत झालं नाही. दुसरीनं डिसेंबर २०१८ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाच्या पाचही आरोपांत दोषी धरलं, सहा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात दोन विरुद्ध एकनं हरले. ७ एप्रिल २०२० ला हायकोर्टाच्या सातही न्यायाधीशांनी सोडलं. (इथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट. बाबा दोनदा अडखळले.)

तक्रारदार खोटा, असं कोर्टानं म्हटलं नाही. ज्युरीला तो विश्वासार्ह वाटला, हे धरूनच पुढे गेले. पण मिसा (चर्चमधली प्रार्थना) संपल्यावर, तेव्हा आर्चबिशप असलेले पेल कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर लोकांना भेटत थांबत, अंगावर विधीची वस्त्रं असताना एकटे नसत, ज्या खोलीत प्रकार घडल्याचा आरोप होता तिथे माणसांची ये-जा असे, ही साक्षही पुढे होती आणि ती खोडली गेली नव्हती. सगळा पुरावा मिळून विवेकी ज्युरीला शंका यायलाच हवी होती, असं कोर्ट म्हणालं.

खालच्या अपील कोर्टाच्या न्यायाधीशांनी तक्रारदाराच्या साक्षीचा व्हिडिओ पाहिला होता. खास गरज नसेल तर तो पाहू नये, असं हायकोर्टानं सुनावलं. साक्षीदाराचा चेहरा वाचणं ज्युरीचं काम. हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

"म्हणजे त्या बाराजणांना मूर्खात काढलं!"

"नाही हो बाबा."

"मग?"

मला नीट सांगता आलं नाही.

आमच्या खटल्यातल्या माणसानं अपील केलंय का, हे नाव टाकून शोधलं की कळेल. दोनदा लॅपटॉप उघडला. नाव अजून टाकलेलं नाही.