क्रिस्टिना १:२०० : मॉडेलचा सांगाडा झाला, नाळेचं (पुढच्या टोकाचं) काम चालू आहे

फासळ्यांवर दोन्ही बाजूंनी पट्ट्या चढल्या, पुट्टीचा पहिला हात झाला आणि 'क्रिस्टिना' या यॉटचं माझं १:२०० मापाचं (खऱ्याच्या दोनशेव्या भागाइतकं) मॉडेल जहाजासारखं दिसू लागलं. लांबी ४९.५ सेंटीमीटर, रुंदी जेमतेम साडेपाच. ऐषआरामाची यॉट इतकी सडपातळ कशी, असं वाटेल. पण हा देह युद्धनौकेचा आहे. १९४३ मध्ये माँट्रियलला कॅनेडियन विकर्सने 'स्टॉर्मंट' ही रिव्हर वर्गातली फ्रिगेट बांधली, ती हीच. मालवाहू जहाजांच्या काफिल्यांना शत्रूच्या पाणबुड्यांपासून राखणं हे तिचं काम. दोन वाफेची इंजिनं, ५,५०० अश्वशक्ती, २० नॉट वेग. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं, तेव्हा ती तिथेही होती.

१९५४ मध्ये ग्रीक जहाजमालक ॲरिस्टॉटल ओनासिसने ती भंगाराच्या भावात, सुमारे ३४ हजार डॉलरला घेतली, जर्मनीतल्या कील बंदरात सुमारे ४० लाख डॉलर ओतून पालटली आणि तिला मुलीचं नाव दिलं.

म्हणून फासळ्या मी फ्रिगेटच्या नकाशांवरून कापल्या. ज्यांना हे मॉडेल करायचंय त्यांनी हाच रस्ता धरावा. वरच्या पांढऱ्या मजल्यांपासून सुरुवात केली की अंगाची ठेवण हाती लागत नाही. नाळ मात्र जुन्या फोटोंवरूनच काढावी लागते. फ्रिगेट ९१.९ मीटरची, यॉट ९९ मीटरची. माझ्या मापात साडेतीन सेंटीमीटरचा फरक. नाळ बाल्साच्या (हलक्या, मऊ लाकडाच्या) ठोकळ्यातून वेगळी कोरली. वर फाकत जाणारा तिचा बाक बोटाला गुळगुळीत लागला, तरी बॅटरीचा उजेड अगदी आडवा टाकल्यावर उजवीकडे दोन खळगे दिसले. पुन्हा पुट्टी, पुन्हा ४०० चा पॉलिश पेपर.

मागच्या डेकवरचा पोहायचा तलाव हे या जहाजाचं खरं वैभव. त्याचा मोझेइकचा तळ वर उचलला की नाचायची फरशी तयार. मी तळ खालीच ठेवणार, वर पारदर्शक रेझिनचे दोन पातळ थर. या मापात एकेक फरशी बसवणं अशक्य, त्यामुळे मोझेइक कागदावर छापून घेतोय.

१९९८ नंतरच्या डागडुजीत ती 'क्रिस्टिना ओ' झाली, पण मला ओनासिसच्या काळातलीच हवी आहे, म्हणजे पियाजिओ पी-१३६ हे उभयचर विमानही आलं. त्याच्या पंखांचा पसारा साडेतेरा मीटर, जहाजाची रुंदी ११! डेकवर ते नेमकं कसं ठेवायचे, हे स्पष्ट दाखवणारा फोटो कुणाकडे असेल तर जरूर कळवा. तोवर धुरांड्याला हात घालतो.